करडा रोहित
पक्षी ओळखायला छायाचित्रांचे पुस्तक मोठे सोयीचे खरे. पण छायाचित्र ही एका पक्ष्याची एका क्षणाची हकीकत. सलीम अलींच्या १९४१ सालच्या पुस्तकात रंगवलेली चित्रे होती. चित्रकार अनेक पक्षी पाहून साऱ्या जातीचा एक चेहरा रंगवू शकतो. कॅमेऱ्याला ती मुभा नाही.

डोंबिवलीहून मुलांना घेऊन ठाण्याच्या खाडीवर गेलो, तेव्हा गुलाबी रोहितांच्या थव्यात एक करडे पोर एकटेच चरत होते.

"सर, हा पुस्तकात नाही," शाळेत नव्यानेच आलेला एक मुलगा म्हणाला.

"रंग सोड, चोच बघ," मी म्हटले. चोच तीच, मधोमध वाकलेली. रोहिताची पोरे करडीच असतात. गुलाबी रंग पुढे खाण्यातून चढतो.

पुस्तक मिटून तो बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तोही यांच्यातलाच!"