निनावीपणाचे मोल

१७७८ साली लंडनमध्ये ‘एव्हेलिना’ ही कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते. फॅनी बर्नी वडिलांच्या संगीतेतिहासाच्या मुद्रणप्रती लिहून देत असे. छापखान्यातील जुळारी आपले हस्ताक्षर ओळखतील, या भयाने तिने कादंबरी अक्षर बदलून, रात्री जागून उतरवली. हस्तलिखित भावाने वेषांतर करून पोहोचवले. प्रकाशक लाउंड्ज याने २० गिनींत हक्क विकत घेतले. जिला नाव सांगता येत नाही, तिने घासाघीस कोणत्या तोंडाने करावी? कादंबरी गाजली, लाभ प्रकाशकाचा झाला. १७८२ च्या ‘सिसिलिया’ला मात्र २५० पौंड मिळाले. तिच्याही शीर्षकपृष्ठावर बर्नी हे नाव नव्हते. ‘एव्हेलिना’च्या लेखिकेची कृती, एवढाच उल्लेख होता. निनावीपणाने तिची मर्यादा राखली आणि तिच्याकडूनच त्याचे मोल घेतले. अखेर पुस्तकच तिचे नाव झाले, तेव्हा कोठे तिच्या लेखणीला भाव आला.