मांडव आणि रस्ता

पालघरहून बोईसरला जाणारा रस्ता रेल्वेच्या जोडीने जातो. अंतर बारा-तेरा किलोमीटरचं. पश्चिमेला जरा आत शिरलं की खाजणं आणि खाड्या, त्यांच्या पलीकडे सातपाटी, मुरबे, नांदगाव, नवापूर ही मच्छीमारांची गावं. पूर्वेला सूर्या नदीचं खोरं आणि मागे मनोर-विक्रमगडकडचे डोंगर. समुद्राकडून येणारा माणूस आणि डोंगराकडून उतरणारा माणूस या रस्त्यावर एकमेकांना भेटतो. त्यात गेल्या पन्नास वर्षांत तिसरा मिसळला: बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, खानदेश, मराठवाडा कुठून कुठून तारापूरच्या कारखान्यांत कामाला आलेला. सकाळची पाळी भरायच्या वेळी बोईसर स्टेशनबाहेर उभं राहिलं तर अर्ध्या तासात किती बोली कानावर पडतील! शेअर रिक्षावाला एकच शब्द ओरडत असतो, ‘एमायडीसी, एमायडीसी’, आणि तो सगळ्यांना कळतो.

एवढी माणसं जिथे रोज रस्त्यावर एकत्र येतात, तिथे ती बसून बोलायला कुठे एकत्र येतात, हा प्रश्न मला या रस्त्यावरून जाताना नेहमी पडतो. मोठी सभा म्हटली की पालघरात अजूनही मैदान आणि मांडव. आर्यन शाळेचं मैदान, दांडेकर महाविद्यालयाचं मैदान, आणि आता कोळगावचं सिडकोचं मैदान. बोईसरला औद्योगिक वसाहतीत कारखानदारांच्या संघटनेचं टीमा सभागृह आहे, चांगलं वापरात असतं. पण जिल्ह्याचं असं, आठही तालुक्यांनी आपलं म्हणावं असं सभागृह माझ्या मनात अजून रिकामंच आहे. त्याची जागा आजवर या रस्त्यानेच भरून काढली.

ज्या सभेला मी या रस्त्यावरची सर्वांत मोठी सभा मानते, तिला ना मांडव होता ना व्यासपीठ. १४ ऑगस्ट १९४२. मुंबईत ‘चले जाव’चा ठराव होऊन आठवडा उलटला नव्हता. आसपासच्या गावांतून माणसं पालघरच्या कचेरीवर चालून आली. गोळीबार झाला आणि पाच जण गेले: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. ही नावं गावासकट वाचावीत. सातपाटी, मुरबे, नांदगाव ही किनाऱ्याची गावं, सालवड बोईसरजवळचं, आणि तिवारी हे आडनाव तर त्याहून लांबच्या वाटेने इथे येऊन पालघरचं झालेलं. आज बोईसरच्या चाळीत राहणाऱ्या एखाद्या तिवारीला कुणी ‘बाहेरचा’ म्हणालं की मला हुतात्म्यांच्या यादीतलं ते नाव आठवतं आणि राग येतो. या गावाने ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी रक्ताने लिहिलेली यादी आहे ती, ती तरी नीट वाचा.

पाचबत्तीचा हुतात्मा स्तंभ त्यांच्या नावाने उभा आहे. दरवर्षी १४ ऑगस्टला दुपारी तिथे माणसं जमतात, बाजारपेठ बंद असते, शाळेची मुलं गणवेशात रांगेने उभी असतात. बहुतेक वेळा पाऊस असतो. त्या दिवशी चौकच सभागृह होतो. छत नाही, खुर्च्या नाहीत, आणि म्हणून कोणी पहिल्या रांगेतलाही नाही.

तीन वर्षांनी अशीच एक सभा इथून उत्तरेला तलासरीजवळ झरीला भरली. २३ मे १९४५. गोदावरी आणि शामराव परुळेकर, किसान सभेचा लाल बावटा, आणि पायी चालत आलेले हजारो वारली. वेठ करायची नाही, फुकट राबायचं नाही, हे तिथे ठरलं. लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या सावकाराकडे बांधलेले लग्नगडी त्या लढ्यात मोकळे झाले. सभागृहाची भव्यता मोजायची कशाने, असं कुणी विचारलं तर मी झरीचं माळरान सांगेन. एका सभेतून उठून माणूस घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी मालकाच्या वाड्यावर गेला नाही. याहून सभेचं दुसरं काय व्हायचं असतं?

१ ऑगस्ट २०१४ला ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला असावं अशीही मागणी होती, आणि ती रास्त होती असं मला वाटतं. डोंगराच्या माणसाला कचेरी जवळ मिळाली असती. पण रेल्वे इथे, रस्ता इथे, म्हणून कचेरीही इथे आली. कोळगावला दुग्धविकास खात्याच्या जमिनीवर सिडकोने नवी कार्यालयं बांधली. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचं उद्‌घाटन झालं. बोईसर रस्त्याने जाताना ती दुरूनच दिसतात: रुंद, पांढुरकी, भोवती अजून मोकळं गवत. आतला कारभार सुरळीत चालावा हे तर आहेच, पण मला त्या इमारतींपेक्षा त्यांच्यासमोरच्या रस्त्याचं अधिक अप्रूप आहे. कारण मोर्चा येतो तो तिथे. वनहक्काच्या दाव्यांसाठी, पाण्यासाठी, रेशनसाठी. बाया डोक्यावर पदर घेऊन, लहानगं काखेत घेऊन रस्त्याच्या कडेने बसतात. जव्हार इथून सत्तरएक किलोमीटर, मोखाडा त्याच्याही पुढे. शिष्टमंडळ आत जातं, बाकीचे बाहेर. आत काय बोलणं झालं ते बाहेर आल्यावर ध्वनिक्षेपकावरून सांगतात, आणि तेवढ्यावर पुढची वाट धरायची असते.

याच कोळगावच्या मैदानात ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी आले होते. प्रकल्प सुमारे शहात्तर हजार कोटींचा. बंदर डहाणू तालुक्याच्या किनाऱ्याला, समारंभ पालघरला. वाढवणच्या किनाऱ्यावर त्या दिवशी मच्छीमार काळे झेंडे घेऊन उभे होते. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्या सभेतून उचललेली मोठी बातमी आणखी वेगळी होती: मालवणचा शिवाजी महाराजांचा पुतळा चार दिवसांपूर्वी कोसळला होता, त्याबद्दल पंतप्रधानांनी मागितलेली माफी. बातमी मोठीच होती. पण ज्यांच्या दारात बंदर येणार त्या गावांचं म्हणणं त्या दिवशी पुन्हा एकदा मागच्या पानावर गेलं, याची खंत वाटते.

त्या गावांनी पूर्वी एकदा आपलं म्हणणं पूर्ण ऐकलं गेल्याचा अनुभव घेतलेला आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते. १९९८ मध्ये त्या प्राधिकरणाने इथे बंदर होऊ शकत नाही असा निर्णय दिला. पंचवीस वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. मग जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली. बंदर व्हावं की न व्हावं यावर माणसं भांडतील, भांडावंच. बारावी झालेल्या मुलाला नोकरी हवी असते आणि त्याच्या बापाला पापलेटची जागा जाऊ द्यायची नसते. दोघं एकाच घरात जेवतात. पण एवढं मोठं बोलणं ज्या मांडवात होतं, तिथे मच्छीमार मांगेल्या बाईला आपल्या बोलीत, न घाबरता, मिनिटं न मोजता बोलता आलं पाहिजे. किनाऱ्याच्या घरात पैशाचा हिशेब तीच ठेवते. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला. त्याच्या आकाराचं, विणीच्या काळाचं, कुठल्या भरतीला कुठे सापडतो याचं ज्ञान सातपाटीच्या घराघरांत आहे, आणि ते अहवालात येत नाही कारण ते विचारणारा माणूस कागद-पेन घेऊन फार थोडा वेळ बसतो.

बोईसरच्या बाजूने रस्त्याचा नूर पालटतो. टँकर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या. संध्याकाळी हवेला एक उग्र वास येतो, नवख्याला खोकला काढणारा, राहणाऱ्याला न जाणवणारा. त्याची सवय होणं हेच वाईट. इथून पुढे समुद्राकडे तारापूरचा अणुवीज प्रकल्प, १९६९ साली सुरू झालेला देशातला पहिला. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. त्या गावांतली माणसं आजही ‘आमच्या पोफरणला’ असं वर्तमानकाळात बोलतात. कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं म्हणून मांगेला समाज परिषद हरित लवादाकडे गेली, आणि २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना दंड ठोठावला. ११ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला, आठ माणसं गेली, आणि हादरा कितीतरी किलोमीटर लांबच्या घरांना बसला. दर मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह होतो, बॅनर लागतात, शपथा घेतल्या जातात. चांगलंच आहे. मला वाटतं, त्या सभेत एकदा कंत्राटी कामगाराला माईक द्यावा. रिअॅक्टरचं झाकण कधी कसं वाजायला लागतं हे पहिलं त्याला कळतं.

रस्त्याच्या कडेला मात्र एक सभा रोज भरते. मृगाच्या आगेमागे पालघरच्या नाक्यावर आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात. जांभळट, लांबोडकी, वेलीने बांधलेल्या जुड्या, शेजारी हिरव्या काकडांचा छोटा ढीग. काकडं घातल्याशिवाय शेवळांची खाज मरत नाही. नवी मुंबईकडून बदलून आलेली एक बाई जुडी उचलून नुसतीच निघाली होती. विकणारीने तिचा हात धरला, ‘बाय, काकडां घे आधी. नाय तं घसा धरंल.’ पैसे न घेता चार काकडं तिच्या पिशवीत टाकली. मग शेजारी वाकटी-सुकट घेऊन बसलेल्या कोळणीने सांगितलं, त्यात थोडा सुका जवळा घाल, चव येते. पलीकडच्या फळवाल्याने, तो मूळचा जौनपूरचा, विचारलं, हे काय असतं? तिघींनी मिळून त्याला समजावलं. त्याच सुमारास बहाडोलीची जांभळं येतात, मग श्रावणात करटोली, पावसाळा ओसरला की पापलेट. मी तिथे पिशवी घेऊन उभी राहते तेव्हा माझा जिल्हा मला एकत्र दिसतो, एरवी कुठल्याच कार्यक्रमात असा दिसत नाही.

म्हणून मला या रस्त्यावर सभागृह हवं आहे. थोर नावाचं, संगमरवरी पायऱ्यांचं नव्हे. या तालुक्यातल्या केळवे-माहीमच्या सोनोपंत दांडेकरांनी आयुष्यभर ज्ञानेश्वरी सांगितली ती खाली बसलेल्या माणसांना. सभागृह तसं असावं. मधली जागा गोल आणि मोकळी हवी, कारण तारपा वाजवणारा मध्ये फिरतो आणि नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वळत जाते. खुर्च्यांच्या ओळींत तो नाच मावत नाही. तान्ह्या मुलांच्या झोळ्या बांधता येतील असे खांब हवेत. सभेची वेळ ठरवताना भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं. सकाळच्या लिलावाला मासळी आलेली असताना दहा वाजता ठेवलेली सुनावणी किनाऱ्याने ऐकायची कशी? वारली, मांगेली, वाडवळी बोलणाऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं टिपून घेणारा माणूस टेबलाशी असावा, आणि हिंदीत बोलणाऱ्या कामगारालाही तिथे खुर्ची असावी. जागा स्टेशनपासून चालत जाता येईल अशी हवी. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून येते, तिचा फायदा किनाऱ्याला आणि कामगारांना झाला. डोंगराकडे लोकल जात नाही. तेव्हा सभा असेल त्या दिवशी डेपोला आधी कळवून संध्याकाळी विक्रमगड-जव्हारमार्गे मोखाड्यापर्यंत दोन जादा गाड्या सोडायला सांगाव्यात, आणि सभेचं शेवटचं भाषण त्या सुटायच्या आत संपवावं.