मेजर परमेश्वरन आणि आपली मुले

आपल्या मराठवाड्यात फौजेतून सुट्टीवर आलेल्या कोणत्याही जवानाला 'मेजर' म्हणण्याची रीत आहे. तो शिपाई असो, नाईक असो की हवालदार असो, एस.टी.तून ट्रंक घेऊन उतरला की हॉटेलावर बसलेली मंडळी म्हणतात, "या मेजर, कधी आलात?" या हाकेत माया आहे आणि मानही आहे. परंतु खऱ्या मेजरचे काम काय असते, त्याच्या शब्दावर किती माणसांचा जीव अवलंबून असतो आणि त्या पदापर्यंत जाण्याची वाट कोणती, हे आपल्यापैकी फार थोड्या घरांना ठाऊक असते. म्हणून आज एका खऱ्या मेजरची ओळख करून द्यावी असे मनात आले. त्यांचे नाव मेजर रामस्वामी परमेश्वरन. ते ज्या रेजिमेंटमध्ये लढले तिचे नाव महार रेजिमेंट.

परमेश्वरन यांचा जन्म १३ सप्टेंबर १९४६ रोजी मुंबईत झाला. घर तमिळ भाषकांचे. शिक्षण मुंबईतल्याच एस.आय.ई.एस. या संस्थेच्या शाळेत व महाविद्यालयात झाले. १९६८ साली ते विज्ञानाचे पदवीधर झाले. ते काही लहानपणापासून लष्करी शाळेत वाढलेले नव्हते. पदवी घेतल्यानंतर त्यांनी मद्रासच्या प्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळविला आणि जून १९७२ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडले. पहिली नेमणूक १५ महार या पलटणीत झाली. तिथे त्यांनी आठ वर्षे काढली. पुढे ते ८ महारमध्ये आले. म्हणजे या माणसाचे पुढचे सारे आयुष्य महार रेजिमेंटच्या जवानांच्या सोबतीने गेले. जवान त्यांना प्रेमाने 'पॅरी साहेब' म्हणत.

२९ जुलै १९८७ रोजी भारत व श्रीलंका यांच्यात करार झाला आणि भारताची शांतिसेना श्रीलंकेत उतरली. शांतता राखायला गेलेल्या या सेनेला ऑक्टोबरपासून तमिळ वाघांशी प्रत्यक्ष लढावे लागले. ८ महार ही पलटण जाफना भागात होती. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी मेजर परमेश्वरन शस्त्रांचा शोध घेऊन आपल्या तुकडीसह परत येत होते. वाटेत दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी तुकडीवर गोळीबार सुरू केला.

अशा वेळी काय होते, हे फौजेत राहिलेला माणूसच सांगू शकेल. पहिल्या काही क्षणांत गोळी कुठून येते तेच कळत नाही. जवान जमिनीला चिकटतो आणि साहेबाच्या आवाजाकडे कान लावतो. साहेब गोंधळला तर तुकडी गेलीच म्हणून समजा. परमेश्वरन गोंधळले नाहीत. त्यांनी वळसा घालून अतिरेक्यांना पाठीमागून घेरले आणि थेट त्यांच्यावर चाल केली. हातघाईची लढाई जुंपली. एका अतिरेक्याने त्यांच्या छातीत गोळी मारली. त्याच अवस्थेत परमेश्वरन यांनी त्याच्या हातातली रायफल हिसकावून घेतली आणि त्याला ठार केले. शेवटचा श्वास असेपर्यंत ते जवानांना हुकूम देत राहिले. पाच अतिरेकी ठार झाले, तीन रायफली व दोन रॉकेट लाँचर हाती आले आणि तुकडी त्या वेढ्यातून सुटली. वयाच्या ४१ व्या वर्षी मेजर शहीद झाले.

देशाने त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र दिले. श्रीलंकेतील शांतिसेनेत हा सन्मान मिळालेले ते एकटेच. महार रेजिमेंटला मिळालेले परमवीर चक्रही हेच एक. आजवर देशात फक्त २१ वीरांना हे पदक लाभले आहे. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारच्या २१ बेटांना या वीरांची नावे देण्यात आली. त्यांतील एक बेट परमेश्वरन यांच्या नावाचे आहे.

शांतिसेना पाठवणे बरोबर होते की चूक, यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो. मार्च १९९० मध्ये सेना परत आली तोवर आपले हजाराहून अधिक जवान प्राणास मुकले होते. त्या राजकारणाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. मला सांगायचे आहे ते नेतृत्वाविषयी. जखमी मेजरने जवानांना पुढे ढकलून स्वतःचा बचाव केला नाही. पहिली धाव त्यांची होती, म्हणूनच त्यांचा हुकूम शेवटपर्यंत पाळला गेला.

माझे एक चुलते महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आपल्या अधिकाऱ्यांपैकी एकाची आठवण ते नेहमी काढीत. लांबची चाल संपवून तळावर पोचले की तो साहेब आधी जवानांचे पाय पाहायचा, कुणाच्या टाचेला फोड आला, कुणाचा बूट फाटला ते विचारायचा. जवानांच्या ताटात जेवण पडल्यावर मग स्वतः बसायचा. चुलते म्हणत, "बाळा, असा साहेब असला की माणूस मरायलाबी मागं सरत नाही." संघटनेचे काम करताना मला त्यांचे हे बोलणे अनेकदा आठवते. आपल्या सभांना खुर्च्या कमी पडल्या की कार्यकर्ते आधी बसतात आणि गावाकडून आलेल्या आयाबाया उभ्या राहतात, तेव्हा तर हमखास आठवते.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो, १८१८ सालच्या त्या लढाईतील शूरांना मानवंदना देतो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तिथे गेले होते. महारांच्या शौर्याबद्दल शंका घेण्यास कुणाला जागाच नव्हती. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात आपली माणसे सुभेदारपदापर्यंत चढत होती. बाबासाहेबांचे वडील रामजी हे सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्यामुळेच घरात शिक्षण आले. असे असताना १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. 'लढवय्या जाती' आणि 'बिगर लढवय्या जाती' अशी वाटणी केली गेली. वरच्या जातीचे शिपाई अस्पृश्य सुभेदाराच्या हुकमाखाली राहण्यास राजी नाहीत, ही त्यामागची एक मोठी बाब होती.

वाचकहो, हे नीट समजून घ्या. आपण मेलेले चालत होते. आपण हुकूम दिलेला चालत नव्हता. ज्या दिवशी आपल्या खांद्यावर अधिकाराची फीत दिसू लागली, त्या दिवसापासून आपली अडचण होऊ लागली.

आपले पूर्वज मात्र गप्प बसले नाहीत. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारकडे अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी पुन्हा मांडली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडूनही टाकली. काम झाले, जा घरी! पुढे दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न हाती घेतला. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. 'यश सिद्धि' हे तिचे ब्रीद. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

या रेजिमेंटने देशाला दोन सरसेनापती दिले. के. व्ही. कृष्णराव १९४२ साली २ महारमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. १९७१ च्या युद्धात त्यांच्या ८ माउंटन डिव्हिजनने सिल्हेट घेतले आणि १९८१ ते १९८३ या काळात ते लष्करप्रमुख होते. दुसरे के. सुंदरजी. त्यांनीही सुरुवात महार रेजिमेंटमध्येच केली आणि १९८६ ते १९८८ या काळात लष्करप्रमुखपद भूषविले. दोघेही आपल्या समाजातले नव्हते, परमेश्वरनही नव्हते. त्यात कमीपणा काहीच नाही. ज्या रेजिमेंटसाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी अर्ज लिहिले, तिच्या जवानांच्या बळावर ही माणसे मोठी झाली आणि त्यांनीही जवानांची साथ सोडली नाही. परंतु या यादीत आपल्या घरातले नाव कधी येणार, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे.

काहीजण म्हणतील, आपण बुद्धाचे अनुयायी, आपल्याला तलवार कशाला? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आहे. वैशालीचा सेनापती सिंह तथागतांकडे हीच शंका घेऊन गेला होता. तथागतांनी त्याला सेनापतीपद सोडून दे असे सांगितले नाही. न्यायासाठी, सारे उपाय थकल्यावर आणि मनात द्वेष न ठेवता लढणारा दोषी नाही, अशी ही शिकवण आहे. अधिकाऱ्याला ही शिकवण अधिकच हवी, कारण गोळी कधी झाडायची आणि कधी नाही, हे तोच ठरवतो.

आमच्या कुरुंद्यात पहाटे वसमतच्या रस्त्यावर भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांत आपली मुले बरीच असतात. घाम गाळतात, उपाशी पोटी धावतात, मला त्यांचा अभिमान आहे. २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते आणि त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. बाकीचे घरी परततात. एका मुलाने परवा मला विचारले, "काका, मेजर व्हायचं म्हणल्यावर कोणता फॉर्म भरावा लागतो?" तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि चार वर्षांपासून धावतो आहे. आजवर हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

तेव्हा आईवडिलांनी हे लिहून ठेवावे. बारावीत असलेल्यांसाठी खडकवासल्याच्या एन.डी.ए.ची परीक्षा असते, वर्षातून दोनदा. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. पदवीधरांसाठी सी.डी.एस. ही परीक्षा असते, तीही वर्षातून दोनदा. कोणतीही पदवी असली तरी चेन्नईच्या प्रबोधिनीचा रस्ता खुला आहे. परमेश्वरनही पदवीनंतरच गेले होते. लेखी परीक्षा झाल्यावर निवड मंडळापुढे पाच दिवस मुलाखत व चाचण्या होतात. दहावीनंतर एन.डी.ए.ची तयारी करून घेणारी राज्य शासनाची संस्था आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादला म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९७७ पासून चालू आहे. मुलींनाही २०२२ पासून एन.डी.ए.त प्रवेश आहे. मे २०२५ मध्ये १७ मुली तिथून शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

येथे राखीव जागा नाहीत, हे मुलांना स्पष्ट सांगावे. एन.डी.ए.साठी गणित आणि इंग्रजी यांना पर्याय नाही, हेही सांगावे. आपली मुले धावण्यात कमी पडत नाहीत, ती या दोन विषयांत अडतात आणि बोलायला बुजतात. म्हणून प्रत्येक विहारात संध्याकाळी दोन तास या दोन विषयांसाठी राखून ठेवावेत. गावातल्या निवृत्त जवानांनी मुलांना कवायतीबरोबर चारचौघांत उभे राहून बोलायला शिकवावे. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून मागील प्रश्नपत्रिकांची पुस्तके आणावीत. आमच्या विहारात आम्ही याची सुरुवात केली आहे. सात मुले आणि तीन मुली येतात. त्यांतील किती पोचतील ते मी सांगू शकत नाही, पण ती आता नुसतीच धावत नाहीत, वाचतातही.

आपल्या माणसाने हुकूम देऊ नये म्हणून एके काळी भरतीचे दार बंद झाले. ते बाबासाहेबांनी उघडले. आता आत जाऊन शिपायांच्या रांगेतच थांबायचे की पुढे होऊन तुकडीची जबाबदारी घ्यायची, हे आपल्या हाती आहे. सुट्टीवर आलेल्या पोराला जरूर 'मेजर' म्हणा. पण तुमच्या घरात बारावीत मुलगा किंवा मुलगी असेल, तर या महिन्यात त्यांच्या हाती एन.डी.ए.चा अर्जही द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!