जुन्या गाडीतील गारवा

हैदराबादच्या काचीगुडा भागात राहणारे मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक आठवड्यातून तीनदा पत्नीला डायलिसिससाठी पंजागुट्ट्याकडे घेऊन जातात. गाडी २००५ सालची. ती विकून नवी घ्यावी, असे मुलगा फोनवर सांगत असतो. उपचारांचा हिशेब मात्र त्याच्यापर्यंत पोहोचू दिलेला नाही. गेल्या मे महिन्यात या गाडीतील एसी क्षीण झाला. एरवी ही तक्रार चैनीच्या सदरात पडली असती. येथे तसे नव्हते. बाईंना दिवसाला एक लिटर पाण्याची मुभा. परतीच्या वाटेवर थकलेल्या शरीराला ऊन लागले की घसा सुके, आणि तहान भागवावी तर तेच पाणी पुढे पायांवर सूज होऊन उभे राही. मांडीवरच्या बाटलीचे झाकण त्या उघडीत आणि न पिताच पुन्हा लावीत. रहदारीच्या गोंगाटातही प्राध्यापकांना तो आवाज ऐकू येई.

एका मोठ्या गॅरेजात ‘गॅस कमी झाला’ असे निदान होऊन गॅस भरण्यात आला. चार दिवसांनी पुन्हा भरण्यात आला. गारवा वाढला तर नाहीच, उलट घटला. वस्तुतः हा गॅस काही पेट्रोलप्रमाणे खर्च होणारा पदार्थ नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झालाच, तर कोठे तरी गळती आहे असे समजावे. ती न शोधता भरीत राहणे हा फुटक्या रांजणाचा प्रकार झाला. आणि गळती नसताना भरणे त्याहून वाईट, कारण जादा गॅसाने नळ्यांतील दाब मात्र वाढतो.

प्राध्यापकांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. गाडी धावत असली की हवा बऱ्यापैकी गार येई. लकडीकापूलच्या सिग्नलपाशी थांबली की दोन मिनिटांत कोमट होई. हस्तलिखितांतील पाठभेद टिपण्यात आयुष्य गेलेले. त्यांनी हवेच्या तोंडाशी तापमापक ठेवून वहीत नोंद केली : धावताना १४ अंश, थांबल्यावर २३.

ही वही नामपल्लीच्या एका गल्लीतील वृद्ध मिस्त्रींपुढे गेली. उस्तादांनी ती उघडली नाही, पण सांगितलेले सारे ऐकून घेतले. इंजिन आणि एसी चालू ठेवावयास सांगून त्यांनी वर्तमानपत्राचा एक कपटा गाडीच्या पुढच्या जाळीवर धरला आणि सोडला. आतला पंखा फिरत असेल तर कागद जाळीला चिकटून राहावा. तो खाली पडला.

“साब, गॅस का कुछ नै. हवाच नै जा री.”

त्या ‘हवाच’मधला ‘च’ ऐकून प्राध्यापक त्याही स्थितीत सुखावले. दखनीने हा ‘च’ मराठीकडून घेतला, हे त्यांनी वर्गात कितीदा तरी सांगितले होते. तो असा निदान घेऊन भेटेल, असे कधी वाटले नव्हते.

एसी थंडी निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. टाकण्याची जागा म्हणजे गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसविलेला कंडेन्सर. गाडी धावताना त्याला वारा आपोआप मिळतो. थांबल्यावर पंख्याखेरीज वाली नाही. त्या पंख्याची मोटर जळाली होती, आणि कंडेन्सरच्या पात्यांत वीस वर्षांची धूळ व चिलटे लिंपून बसली होती. उस्तादांनी गेज लावले, तर दोन्ही काटे चढलेले. उष्णतेला बाहेर पडावयास वाट नव्हती, आणि त्यात दोनदा भरलेला गॅस.

त्यांनी मोटर बदलली. कंडेन्सर आतल्या बाजूने, हलक्या धारेने धुतला. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात. वाकलेल्या होत्या त्या फणीने सरळ केल्या. मग सगळा गॅस काढून घेऊन, पंपाने नळ्या निर्वात करून, बॉनेटखालच्या पट्टीवर जितके ग्रॅम छापले होते तितकेच वजनकाट्यावर मोजून भरले. यास दुपार गेली. मजुरी सांगितली ती आधीच्या गॅरेजातील एका भरणीहून कमी होती.

पुढल्या गुरुवारी परतताना लकडीकापूलला गाडी बराच वेळ अडकली. तापमापक ११ वर होता.

“अहो, जरा कमी करा ना. गार लागतंय,” बाई म्हणाल्या.

पाण्याची बाटली मागच्या सीटवर होती.