'हिरो कोण?' विचारणाऱ्यांत मीही होतो

परवा पोरगं मोबाईलवर 'यलोस्टोन' बघत बसलं होतं. अमेरिकेतल्या मोंटानात गुरं पाळणारं कुटुंब आणि जमिनीवरून भांडणं. आपल्याला नवीन काय त्यात? पण ती मालिका कशी केली ते वाचत बसलो. नटांना आधी घोड्यावर बसवून गुराख्याचं काम शिकवलं. पहिले तीन सीझन बरंचसं शूटिंग युटा राज्यात झालं, नंतर सगळा कारभार मोंटानात हलला. शूटिंगला करसवलत देणारा कायदा तिथल्या सरकारनं २०१९ मध्येच केला होता.

वाचता वाचता आपला 'ख्वाडा' आठवला.

तिथंही जनावरं आणि जमीनच. मेंढरं घेऊन फिरणारं धनगर कुटुंब आणि गावचा सरपंच. श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीच्या भाऊराव कऱ्हाडेंनी तो स्वतःची शेती विकून काढला. आवाज स्टुडिओत नाही, जागेवरच रेकॉर्ड केला. म्हणजे लांब कुणाची मोटार चालू झाली, ट्रॅक्टर गेला, की सीन परत. मेंढरांना 'ॲक्शन' कळत नाही, हे वेगळंच. त्या आवाजासाठी महावीर सब्बनवाल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पिक्चरला परीक्षकांचा विशेष पुरस्कार.

आता माझं सांगतो. शूटिंग चालू असताना एक मित्र म्हणाला होता, "चल, बघून येऊ." मी विचारलं, "हिरो कोण?" नाव ओळखीचं निघालं नाही. गेलो नाही. पुरस्कार जाहीर झाल्यावर मात्र 'नगरचा झेंडा' म्हणून बातमी करायला सगळ्यात पुढं मीच. शेत विकलं जात होतं तेव्हा एक ओळ लिहिली नव्हती.

सरकारचं अनुदान आहे, नाही असं नाही. पण ते पिक्चर पूर्ण झाल्यावर. आधीचा पैसा कुठनं आणायचा? शेतकऱ्याच्या पोराकडं विकायला शेतच असतं. आणि एवढं करून थिएटर मिळेलच असं नाही. २०२३ ला त्यांच्याच 'टीडीएम'ला शो मिळेनात, तेव्हा कलाकार लोकांसमोर रडले. ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. तिकीट किती जणांनी काढलं?

म्हणून सांगतो, उद्या तुमच्या गावात कॅमेरा घेऊन चार पोरं आली तर 'हिरो कोण' विचारू नका. तासभर मोटार बंद ठेवा. पिक्चर आला की पहिल्याच आठवड्यात बघा.

मीही तेच करणार आहे. उशिरा का होईना.