मार्कंडादेव: वैनगंगेकाठची यात्रा

मार्कंडादेव हे गाव गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या डाव्या तीरावर आहे. 1982 साली गडचिरोली वेगळा होईपर्यंत ते चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. पलीकडचा काठ आजही चंद्रपूरचाच आहे. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावून दक्षिणेकडे धावणारी वैनगंगा इथे वळते आणि थोड्या अंतरापुरती उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदी आणि काठावर शिवालय, एवढे जुळले की त्या जागेला काशीचे पुण्य आपोआप लाभते. म्हणून झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, माणसे मार्कंड्याला विदर्भाची काशी म्हणतात. पुस्तकांत आणि पर्यटनाच्या फलकांवर मात्र ते विदर्भाचे खजुराहो असते. या दोन मार्कंड्यांची यात्रेकरूला एकाच फेरीत गाठ पडते, पण दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे फारसे बघत नाहीत.

स्थानिक श्रद्धेप्रमाणे मृकंड ऋषींचा मुलगा मार्कंडेय याने तप केले ते इथेच. कथा सर्वांना ठाऊक आहे. सोळा वर्षांचेच आयुष्य लिहून आलेला हा मुलगा यम दारात येताच शिवलिंगाला मिठी मारतो, यमाचा पाश लिंगावरच पडतो आणि शिव प्रकट होऊन यमाला हटवतो. मंदिरे कोणी बांधली, याचे उत्तर लोककथेत वेगळे मिळते: हेमाडपंत नावाच्या राक्षसाने ती एका रात्रीत उभी केली. यादवांच्या दरबारातला प्रधान लोकांच्या तोंडी राक्षस होऊन बसला, ही लोककथेची खास करामत. शैलीवरून अभ्यासक ही मंदिरे साधारण दहाव्या ते बाराव्या शतकातली मानतात, म्हणजे हेमाडपंताच्या आधीची.

पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात इथे आला आणि त्याने या समूहाची सविस्तर नोंद केली. एका आयताकृती आवारात लहानमोठी वीसेक मंदिरे त्याला आढळली. काही पडली आहेत, काहींचा नुसता चौथरा उरला आहे. मुख्य मंदिर मार्कंडेश्वराचे. मृकंडाचे, यमधर्माचे आणि दशावताराचे अशी इतर मंदिरे त्याच्या भोवती आहेत. ज्याला इथून रिकाम्या हाती परतावे लागले, त्या यमालाही या आवारात देऊळ मिळाले आहे. मार्कंड्याचा स्वभाव यावरून जितका कळतो तितका कोणत्याही शिल्पावरून कळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुख्य मंदिराच्या बाह्य भिंतीवर मूर्तींचे आडवे थर एकावर एक चढत जातात. शिवाची निरनिराळी रूपे, देवी, सुरसुंदरी, मिथुने आणि मधूनमधून व्याल. दुपारचे ऊन तिरपे झाले की मूर्तींच्या मेखलेचे पदर सुटे सुटे दिसू लागतात. एका सुरसुंदरीचा चेहरा पार झिजून गेला आहे, पण पायातल्या तोड्याची वेलबुट्टी शाबूत आहे. प्रदक्षिणा घालणाऱ्या बायाबापड्या हात लावून नमस्कार करतात तो मात्र सरसकट. अप्सरा असो की पार्वती, कपाळाला बोटे टेकवून पुढे. मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने हा घोटाळा आहे. पण देवळाच्या भिंतीवर जे आहे ते सगळे देवाचेच, हा हिशेबही चुकीचा म्हणता येत नाही.

पूर्वी कधीतरी मुख्य मंदिरावर वीज पडली. शिखराचा माथा कोसळला आणि मंडपाचे छत फुटले. पुढे गोंड राजवटीत मंडप सावरण्यासाठी जाडजूड, बिननक्षीचे खांब घातले गेले. जाणकारांना ही दुरुस्ती ओबडधोबड वाटते आणि ती तशी आहेही. पण ज्यांनी ती केली त्यांना देखणेपण परत आणायचे नव्हते; पूजा चालू राहायला छत हवे होते. गेल्या दशकात मंदिराच्या शास्त्रशुद्ध जीर्णोद्धाराचे काम हाती घेण्यात आले. त्यासाठी वरचे दगड उतरवले गेले, पण पुढे काम रेंगाळले आणि त्याबद्दल परिसरात नाराजी पसरली. उतरवलेल्या दगडांना पाहुणे स्मारकाचे अवशेष म्हणतात. गावकऱ्यांना ते देवाचे अंग वाटते, आणि ते भुईवर पडून राहणे त्यांना सोसत नाही.

माघ महिन्यात महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. पूर्वी लोक बैलबंड्यांनी येत, आता एसटीच्या जादा गाड्या, ट्रॅक्टर आणि दुचाक्या येतात. शेजारच्या तेलंगणातूनही भाविक येतात, त्यामुळे रांगेत मराठी, गोंडी आणि तेलुगू एकदमच ऐकू येतात. या दिवसांत नदीचे पाणी ओसरलेले असते. वाळूतून चालत धारेपर्यंत जायचे, डुबकी मारायची, तांब्यात पाणी घेऊन ओलेत्यानेच रांगेला लागायचे, असा क्रम असतो. गाभाऱ्याशी पोचेपर्यंत कपडे अंगावरच वाळतात. आत बेलाची पाने आणि पाणी यांचा चिखल झालेला असतो, आणि देवापुढे थांबायला क्षणभरही मिळत नाही. तरी बाहेर आलेला माणूस दर्शन चांगले झाले असेच सांगतो.

जत्रा उठली तरी काठावरची वर्दळ संपत नाही. दोन्ही जिल्ह्यांतली कुटुंबे आपल्या माणसाच्या अस्थी इथे आणून उत्तरवाहिनी धारेत सोडतात. जिथून यम परत गेला म्हणतात, तिथेच मृत्यूनंतरचे विधी होतात. यात विसंगती पाहणारा बाहेरचा असतो. अस्थी घेऊन आलेल्यांपैकी कोणीही मार्कंडेयाने मरण टाळले म्हणून आपलेही टळेल असे मानत नाही. त्यांची मागणी लहान असते: गेलेल्याला पुढची वाट नीट मिळावी. डोके भादरलेला मुलगा पायऱ्या चढून वर येतो, लिंगावर पाणी घालतो आणि घरी निघतो.

मार्कंड्याला जायला चामोर्शीवरून फाटा आहे; चंद्रपूरकडून येणारे मूलमार्गे वैनगंगेचा पूल ओलांडून येतात. हिवाळा आणि शिवरात्रीपर्यंतचे दिवस सोयीचे. पावसाळ्यात वर भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की नदी फुगते आणि या भागातले रस्ते अनेकदा बंद होतात. तेव्हा निघण्याआधी चौकशी केलेली बरी.