बाराव्या दिवसाची सुई

थायरॉइड झाला की बाई जाड होते, एवढंच मला ठाऊक होतं. त्यामुळे चोविसाव्या वर्षी माझं सात किलो वजन उतरलं, सुईत दोरा ओवता येईना इतका हात थरथरू लागला, तरी मला थायरॉइडचा संशय आला नाही. निदान झालं ग्रेव्हज् आजाराचं. यात ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते. कार्बिमाझोलच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मिरजेतल्या एका लहानशा लॅबमध्ये माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे रक्त काढणाऱ्या ताईंचं माझ्यावर ऋण आहे.

पहिल्याच रिपोर्टमध्ये टीएसएच 0.01 आला आणि मी खूश झाले. आजोबांची साखर कमी आली की घरात सगळे खूश व्हायचे, तसंच हे असणार! ताई म्हणाल्या, "तुमचं उलटं वाचायचं. ग्रंथीला काम कर म्हणून मेंदूकडून जो निरोप जातो, तो टीएसएच. ग्रंथी आधीच धावतेय, म्हणून निरोप बंद झालाय."

लग्न झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवस राहायचा विचार असेल तर आधी सांगा. मी सांगितलं नाही. सासरी आजारच लपवला होता. गोळ्या हळदीच्या डब्यामागे ठेवायचे. चाचणी पॉझिटिव्ह आली तेव्हा, औषधांनी बाळात व्यंग येतं असं कधीतरी ऐकलेलं आठवलं आणि मी कोणालाही न विचारता गोळ्याच बंद केल्या. पुढचे तीन आठवडे छाती धडधडायची, उलट्या थांबेनात, रात्री घामाने कपडे भिजायचे. सासूबाई म्हणायच्या, डोहाळे कडक आहेत. मलाही तेच मानायचं होतं.

नवव्या आठवड्यात गरोदरपणाच्या तपासण्यांसाठी लॅबमध्ये गेले. ताईंनी दंडाला पट्टा बांधला आणि माझा हात क्षणभर तसाच धरून ठेवला. "गोळ्या घेताय ना?" मी मान खाली घातली. आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. त्यांनी रक्त काढलं, कापूस दाबायला दिला आणि मला रिक्षात बसवून स्वतः डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही म्हणाल्या.

नाडी 132 होती. माझी भीती अगदीच खोटी नव्हती, असं डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्या महिन्यांत कार्बिमाझोलने बाळात क्वचित व्यंग येऊ शकतं. म्हणूनच त्या काळापुरती पीटीयू ही दुसरी गोळी देतात, आणि ती यकृताला सोसते ना, हे बघतात. पण ग्रंथी मोकाट सोडली तर गर्भपाताचा, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा, आईच्या हृदयावर ताण येण्याचा धोका. एका फोनने गोळी बदलून मिळाली असती.

त्यानंतर दर महिन्याला रक्त. टी-फोर, म्हणजे ग्रंथीचं हार्मोन, नॉर्मलच्या वरच्या टोकाशीच ठेवायचं होतं. औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं, डोस जास्त झाला तर बाळाची ग्रंथी दबते. पाचव्या महिन्यात एका रविवारी घसा दुखून ताप आला. या गोळ्यांनी क्वचित पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा असं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी पेशी मोजायच्या, अशी ताकीद होती. लॅब बंद. ताई घरून किल्ली घेऊन आल्या. साधी सर्दी निघाली. मी ओशाळले, तर म्हणाल्या, "अशा फुकट फेऱ्या मला चालतात."

सातव्या महिन्यात गोळ्या पूर्ण थांबल्या. गरोदरपणाच्या उत्तरार्धात हा आजार पुष्कळदा निवतो. पण मुंबईला पाठवलेल्या रक्तात त्याच्या अँटिबॉडीज जास्त निघाल्या होत्या. त्या बाळाकडे जातात आणि त्याचीही ग्रंथी धावायला लावू शकतात. म्हणून सोनोग्राफीत बाळाचे ठोके फार वाढत नाहीत ना, हे पाहिलं जाई. मुलगी अडतिसाव्या आठवड्यात झाली. पहिल्या आठवड्यात तिचं रक्त तपासलं, दुसरी तपासणी नेमकी बाराव्या दिवशी आली. बारशाच्या दिवशी.

"पाळण्यात घालायच्या दिवशी पोरीला सुई?" सासूबाई म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच मी त्यांना सगळं सांगितलं. बंद केलेल्या गोळ्यांचंही. त्या जराशाने म्हणाल्या, "हळद मीपण काढते गं त्या डब्यातून."

ताई सकाळी आठला आल्या, बायका जमायच्या आधी. सासूबाईंनी पहिल्या घुगऱ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. संध्याकाळी रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल होतं. पुढे माझा आजार उसळला आणि डॉक्टरांनी अंगावर पाजत असतानाच कमी डोसची कार्बिमाझोल पुन्हा सुरू केली. त्यासाठी पुन्हा ताईंकडे जाऊ लागले. बाराव्या दिवसाच्या तपासणीचे पैसे मात्र त्यांनी अजून घेतलेले नाहीत.